सायकलवाल्यांनी वाट विचारली, पण पाणंद आहे कुठे?

मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एका गावात खरीप बटाट्याची काढणी चालू होती. उतारा कसा पडतोय ते बघायला शिवारात गेलो होतो. डांबरी सोडून पाणंदीच्या तोंडाशी आलो, तर तिथे चौदा सायकलवाले खोळंबून उभे. डोक्याला टोप, अंगात भडक रंगाचे सदरे, पाठीला पाण्याच्या पिशव्या. काही पुण्याचे, काही साताऱ्याचे. त्यांच्या मोबाइलमधल्या नकाशात पलीकडच्या गावाला जाणारी वाट दिसत होती. समोर मात्र बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या आणि त्यापुढे वाटच नांगरून तिच्यात ज्वारी पेरलेली.

बांधावर बसलेले एक आजोबा मला म्हणाले, "साहेब, ही पोरं मघाधरनं वाट इचारत्यात. आता वाट असती तर सांगितली नसती व्हय?"

पोरे हसली, सायकली वळवल्या आणि डांबरीने निघून गेली. त्यांचे काही अडले नाही. अडले होते ते आतल्या तीन भावक्यांचे. टेम्पो आत जाऊ शकत नसल्याने बटाट्याची पोती बांधाबांधाने डोक्यावरून सडकेला येत होती. मजुरीचा भुर्दंड वेगळा, पावसाची सर आली तर पोती भिजण्याची धास्ती वेगळी. पाहुण्यांनी उभ्या उभ्या विचारलेला प्रश्न गावाने कित्येक वर्षे स्वतःला विचारला नव्हता. आपली पाणंद गेली कुठे?

म्हणून आजचा विषय सायकलीचा असला, तरी तो सुरू होतो शेतकऱ्याच्या बांधापासूनच.

ही सायकल कसली?

एकेकाळी आपल्याकडे घरटी सायकल होती. दुधाच्या किटल्या, शाळेची पोरे, पोस्टमन, आठवड्याचा बाजार, सगळे सायकलवर. मोटारसायकल आली आणि ती सायकल पडवीत गंजून गेली. आता शहराकडून जी सायकल गावात येऊ लागली आहे ती निराळी. जाड, नांगऱ्यासारख्या दातऱ्यांचे टायर, पुढच्या दांडीला धक्का खाणारे स्प्रिंग, चढासाठी हलके आणि सपाटीसाठी जड गिअर, ओल्या उतारावरही धरणारे ब्रेक. वजन साधारण तेरा-पंधरा किलो. किंमत म्हणाल तर चांगली सायकल दुभत्या म्हशीच्या भावाने मिळते. त्याहून महागही असते. हिला माउंटन बाइक, म्हणजे डोंगरातली सायकल म्हणतात.

हा खेळ जुना नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांनी खाली सुटायचे. त्यातून हा प्रकार वाढला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याच्या शर्यतींचा समावेश झाला. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ पासून अशा शर्यती होऊ लागल्या. पुणे, मुंबई, कोल्हापूर, सातारा इथले हौशी लोक आता सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत आणि त्याच्या पायथ्याला सायकली घेऊन येतात.

या माणसांना डांबरी रस्ता नको असतो. त्यांना हवी असते गाडीवाट, पाणंद, कॅनॉलकडेची वाट, मेंढरांनी पाडलेली माळावरची वाट. थोडक्यात, ज्या वाटा आपण कामाच्या नाहीत म्हणून टाकून दिल्या किंवा बांध कोरून गिळून टाकल्या, नेमक्या त्याच त्यांना मोलाच्या वाटतात. त्यात रान बदलते असेल तर दुधात साखर.

एका जिल्ह्यात तीन मुलूख

बदलत्या रानाच्या बाबतीत सातारा जिल्ह्याइतका नशीबवान जिल्हा शोधून सापडायचा नाही. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे ५०० मिलिमीटर पडला तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. दोन्हींमधले अंतर सरळ रेषेत जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या सायकल प्रवासात माणूस जणू तीन वेगळे मुलूख पाहतो.

पहिला मुलूख पश्चिमेचा. सातारा शहर सोडले की यवतेश्वरचा घाट चढून माणूस जांभ्या दगडाच्या पठारावर येतो. पुढे कास. हे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर असून २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली त्यांत ते आहे. पुढे बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे पाणी लागते. दुसऱ्या अंगाने ठोसेघर, चाळकेवाडीकडे गेले तर पवनचक्क्यांचे पठार.

दुसरा मुलूख मधल्या खोऱ्याचा. कृष्णा, वेण्णा, उरमोडी यांची काळी जमीन, ऊस, हळद, आले आणि कॅनॉल. धोम धरणाचे कालवे आहेत, कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला ब्रिटिश काळातला कृष्णा कॅनॉल आहे. कालव्याच्या कडेची वाट सपाट, सावलीची आणि चढउताराविना असल्याने नवख्या सायकलवाल्याला आणि शाळेच्या पोरांना सोसते.

तिसरा मुलूख पूर्वेचा. वर्धनगडचा घाट ओलांडला की खटाव आणि पुढे माण. मुरमाड माळ, कुसळी गवत, धनगरांचे वाडे, पाझर तलाव, आणि डोंगरउतारावर ओळीने खोदलेले समतल चर. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हापासून या पट्ट्यातली पाणलोटाची कामे बघायला लोक लांबून येऊ लागले. ती कामे बघायला सायकलीइतके चांगले वाहन नाही. जीपमधून चर दिसत नाहीत, आणि पायी सगळे डोंगर होत नाहीत.

माती ओळखून चाक घाला

माझे खाते शेतीचे, म्हणून मातीचे चार शब्द सांगतो.

काळ्या रानातली वाट पावसानंतर किमान दोन-तीन दिवस बंद समजावी. चिकट माती टायरला आणि ब्रेकला धरते, सायकल ढकलतही नाही, खांद्यावर घ्यावी लागते. त्याहून वाईट म्हणजे ओल्यात चाक गेले की चर पडतो, तो वाळून दगडासारखा होतो आणि मागून येणाऱ्या बैलगाडीच्या चाकोरीची वाट लागते. तेव्हा वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात कुळव घालत नाही, तशी सायकलही घालू नये.

जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते. तिथे चाक घसरते आणि दगड खरबरीत असल्याने माणूस सोलून निघतो. शिवाय सड्यावरची मातीची कातडी बोटभर जाडीची. त्यावरच ती प्रसिद्ध फुले येतात. एकदा चाकाने ती सोलली की भरून यायला वर्षे लागतात. म्हणून कासच्या पठारावर सायकल फक्त रस्त्याने. फुलांत घालायची नाही म्हणजे नाही.

मुरूम सायकलीला सर्वांत चांगला. पाणी लगेच जिरते, चाक धरून राहते. पण मुरमाड माळावर सराटा असतो. एका सराट्याच्या वेलाने चौदातल्या सहा सायकली पंक्चर झालेल्या मी पाहिल्या आहेत. गावातल्या पंक्चरवाल्याचा तो दिवस चांगला गेला!

पाणंद कुणाच्या मालकीची?

आता मुद्द्यावर येऊ. प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात शिवरस्ते, गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. दुहेरी तुटक रेष दिसली तर ती गाडीवाट, एकेरी दिसली तर पायवाट. त्या वाटा कुणा एकाच्या बापाच्या नाहीत, सगळ्या गावाच्या आहेत. शेजारच्या खातेदाराने दरवर्षी नांगराचे एक तास आत घेतले, आणि पाहता पाहता गाडीवाटेची पायवाट झाली, पायवाटेचा बांध झाला, म्हणून वाटेचा हक्क बुडत नाही.

वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पुष्कळ लोक भावकीचा मुलाहिजा धरून गप्प बसतात आणि मुदत घालवतात. मुळात शेताला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. या दोन्हींतला फरक ग्रामपंचायतीने नीट ध्यानात घ्यावा. नकाशावरची पाणंद सार्वजनिक, तिच्यावरून गावकरीही जातील आणि सायकलवालाही जाईल. पण कलम १४३ खाली मिळालेली बांधावरची वाट ही त्या शेतकऱ्याला आपल्या रानात जायला दिलेली सोय आहे. तिच्यावरून पाहुणे न्यायचे तर बांधाच्या मालकाला आधी विचारले पाहिजे. न विचारता नेले तर तो दगड घेऊन उभा राहील आणि चूक त्याची नसेल.

पाणंदींसाठी शासनाच्या योजना आल्या. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली गेली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात घेण्याचेही ठरले. पण मुरूम टाकायला पैसे देणे सोपे, अतिक्रमण काढायला मन देणे अवघड. दोन्ही बाजूंच्या खातेदारांची संमती असेल तिथे कामे भराभर होतात. नसेल तिथे फाइल फिरत राहते.

वाटेला पाण्याची वाट होऊ देऊ नका

पाणंद उघडली आणि मुरूम टाकला, तरी दोन पावसाळ्यांत ती पुन्हा ओढा होते, असा आपला अनुभव. कारण साधे आहे. आपल्या जुन्या वाटा डोंगरावर सरळ चढतात. पाणीही सरळ उतरते. त्याला आयती वाट मिळाली की आधी ओघळ पडते, मग घळ पडते, आणि वरच्या रानातली माती खालच्या रानात जाते.

डोंगरातल्या सायकलवाटा बांधणाऱ्या लोकांनी यावर जे नियम बसवले आहेत, ते वाचून मला नवल वाटले. ते आपल्या मृद्‍संधारणाचेच नियम आहेत!

पहिला नियम अर्ध्याचा. डोंगराचा उतार शंभर मीटरला वीस मीटर असेल, तर वाटेची चढण शंभराला दहा मीटरपेक्षा कमी ठेवायची. म्हणजे पाणी वाटेने धावत नाही, वाट ओलांडून खाली जाते. एकूण वाटेची सरासरी चढणही शंभराला दहाच्या आतच बरी.

दुसरा, वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा. साधारण शंभराला पाच. थाळी वाकडी धरली की आमटी जशी एका कडेने जाते तसे पाणी बाहेर निघते.

तिसरा, वाट सलग चढवत न्यायची नाही. थोडे चढल्यावर किंचित उतरवायची, पुन्हा चढवायची. त्या खोलगट जागी पाणी बाहेर पडते. आपण ताल फोडून सांड काढतो, तसाच हा प्रकार.

ज्या गावांत वॉटर कपच्या वेळी पोरांनी ए-फ्रेम घेऊन समतल रेषा आखल्या, त्यांना हे काम येतेच. तीच ए-फ्रेम, तेच कुदळ-फावडे. अशी आखलेली वाट ट्रॅक्टरला चालत नाही, पण गुरांना, मेंढरांना, डोंगरावर गवताला जाणाऱ्या बायांना आणि सायकलीला चालते, आणि डोंगराची माती जागेवर राहते. एक खबरदारी मात्र घ्यावी. समतल चरांच्या मातीच्या भरावावरून वाट कधीही काढू नये. भराव चेपला, फुटला की सगळी मेहनत वाहून जाईल.

पैसा किती मिळतो?

गावकऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. खरे उत्तर असे की सायकलवाल्यांवर कुणी बंगला बांधणार नाही. सायकलवाला सकाळी येतो, दुपारी जातो. त्याला लागते ते पाणी, चहा, पिठलं-भाकरी, सावली, स्वच्छ संडास, पंक्चर काढणारा आणि वाट दाखवणारा. मुक्कामाला थांबला तर अंथरूण आणि रात्रीचे जेवण. एका वस्तीवरच्या ताईंनी मला हिशेब सांगितला. "साहेब, चौदा जणांची न्याहारी केली. सामान घरचंच होतं. हातात सातशे रुपये राहिले. पण जाताना शेंगा, हुलगं आन् तूप घेऊन गेली, त्याचं वेगळं." रक्कम मोठी नाही, पण बाजार समितीची पट्टी नाही, तोलाई नाही, उधारी नाही. पैसा सरळ बाईच्या हातात आला.

पुढे जाऊन कुणाला मुक्कामाची सोय करायची असेल, तर राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. आधी एक खोली आणि एक संडास नीट करा. कर्ज काढून रिसॉर्ट बांधायच्या फंदात पडू नका.

परदेशातले एक उदाहरण आपल्या लोकांना पटण्यासारखे आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. रोग थांबवायला साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. स्कॉटलंडच्या दक्षिण भागाला, डम्फ्रीज आणि गॅलोवे परगण्याला, मोठा फटका बसला. गोठे तर रिकामे झालेच, पण रोग पसरू नये म्हणून रानातल्या पायवाटाही बंद केल्या. त्यामुळे फिरायला येणारे लोक थांबले, आणि ज्यांच्याकडे एकही जनावर नव्हते त्या खाणावळवाल्यांचाही धंदा बसला. वाट बंद झाली की गावाचे काय होते, हे तेव्हा तिथल्या लोकांना कळले. पुढच्या वर्षांत तिथल्या वन खात्याने त्या भागातल्या जंगलांत डोंगरी सायकलवाटांची सात केंद्रे उभी केली. त्यांना 'सेव्हन स्टेन्स' म्हणतात. स्टेन म्हणजे त्यांच्या बोलीत दगड, प्रत्येक केंद्रावर एक घडवलेला दगड उभा केला आहे. वाटांना त्यांनी रंग दिले. हिरवी सोपी, निळी मध्यम, तांबडी अवघड, काळी पट्टीच्या माणसासाठी. पाहुण्याला पाटी बघून कळते, आपण कुठे जावे.

तिथली जंगले सरकारी, पाऊस वेगळा, माणसाच्या हाती पैसा वेगळा. त्यांची नक्कल आपल्याला जमणार नाही आणि करूही नये. पण वाट ही सुद्धा गावाची मालमत्ता आहे, हा धडा घेण्यासारखा आहे.

जवळचे उदाहरण कासचे आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वन विभागाच्या सोबतीने पठाराची राखण आणि पर्यटकांचे नियोजन हाती घेतले. प्रवेश शुल्क ठेवले, गर्दीला आवर घातला, गावच्या पोरांना हंगामात काम मिळाले. नियम गावाने केले की पाहुणा ऐकतो, हे तिथे दिसले.

उपद्रव होऊ नये म्हणून

पाहुणे म्हणजे सगळे गोड असते असे नाही. तक्रारीही ऐकल्या आहेत. कुणी हरभऱ्याचे डहाळे उपटले, कुणी फाटक उघडे टाकून गेले आणि म्हशी उसात शिरल्या, कुणी प्लास्टिकच्या बाटल्या विहिरीच्या कडेला टाकल्या. उतारावरून सुसाट येणारी सायकल बघून बैल बुजले, गाडी बांधावर गेली. एका गावात तर वाट विचारायच्या आधीच ड्रोन उडवला आणि मेंढरे उधळली. धनगराने शिव्या दिल्या, त्या मी तरी बरोबरच समजतो.

म्हणून गावाने साधे नियम करून वाटेच्या तोंडाला पाटी लावावी. जनावर दिसले की सायकलवरून उतरायचे. वाट आधी बैलाची, मग माणसाची, मग सायकलीची. फाटक जसे होते तसे करायचे. उभ्या पिकात पाय नाही. मेंढरांच्या कळपाजवळ हळू जायचे, कारण कळपाची कुत्री सायकल ओळखत नाहीत. दिवाळीनंतर गवत वाळले की माळावर विडी, सिगारेट, चूल बंद. एका ठिणगीने अख्खा डोंगर जातो आणि वैरण जाते. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली थांबायचे नाही. पेरणी, औषध फवारणी आणि ऊसतोड चालू असलेल्या वाटा तेवढे दिवस बंद ठेवायच्या.

वन खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये, पाहुण्यांना नेऊ नये. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. तिथे कायदा कडक आहे, आणि समोर गवा आला तर तो सायकलीला बाजू देत नाही. कालव्याच्या वाटेसाठी पाटबंधारे खात्याला आणि पवनचक्क्यांच्या रस्त्यांसाठी संबंधित कंपनीला विचारावे. अपघात झाला तर १०८ नंबरला फोन करावा. पण रुग्णवाहिका कुठपर्यंत येते आणि तिथून पुढे माणूस कसा आणायचा, हे गावाने आधीच ठरवून ठेवावे. आणि तो रस्ता रुग्णवाहिकेला लागेल तसाच रात्री अडलेल्या बाळंतिणीलाही लागेल, हे विसरू नये.

ग्रामसभेने काय करावे?

एकदम मोठे काम घेऊ नये. एक पाणंद घ्यावी. गावाचा नकाशा काढावा. तलाठी भाऊसाहेब, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि दोन्ही बाजूंचे खातेदार यांनी एकदा ती चालून पाहावी. खुर्चीत बसून पाणंद दिसत नाही. जिथे अतिक्रमण आहे तिथे खुणा कराव्या, कुणाचे किती ते सर्वांसमक्ष बोलावे. तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, तिची समिती गावात जिवंत असेल तर तिच्यापुढे विषय ठेवावा. समजुतीने मिटले तर उत्तम, नाही मिटले तर अडवल्यापासूनची सहा महिन्यांची मुदत ध्यानात ठेवावी. पीक उभे असताना वाट उघडायचा हट्ट धरू नये, सुगी होऊ द्यावी. वाट मोकळी झाली की पाण्याचा निचरा आधी, मुरूम नंतर. कडेला करंज, कडुलिंब लावावेत. सायकलवाल्यांना निरोप देण्याची पाळी त्यानंतरची.

आता सुरुवातीला सांगितलेल्या गावाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या दिवशीच्या चेष्टेतून चावडीवर विषय निघाला. हिवाळ्यात नकाशा आणला, वाट चालून पाहिली. ज्याने ज्वारी पेरली होती तो खातेदार आधी तावातावाने भांडला. मग म्हणाला, "एकट्यानं मी सोडायची काय म्हून? सगळ्यांची मोजा, मी बी सोडतो." सगळ्यांची मोजली. निघाले असे की पाणंद सगळ्यांनीच थोडी थोडी खाल्ली होती, तक्रार करणाऱ्यांनीसुद्धा. ज्वारी काढल्यावर फेब्रुवारीत वाट उघडली, उन्हाळ्यात मुरूम पडला, दोन ठिकाणी नळ्या टाकून मोऱ्या केल्या.

यंदाच्या काढणीला टेम्पो आत गेला. डोक्यावर एकही पोते आले नाही.

पलीकडच्या गावाच्या हद्दीतला तुकडा मात्र अजून बंद आहे. तिथे प्रकरण तहसीलदारांकडे आहे. त्यामुळे सायकलवाल्यांना शिवेपर्यंत येऊन परत फिरावे लागते. गेल्या महिन्यात ती पोरे पुन्हा आली होती. शिवेवर थांबली, भाकरी खाल्ली, माघारी गेली. त्या गावच्या कारभाऱ्यांनी हा लेख वाचला, तर एवढेच सांगणे आहे, की ती वाट सायकलवाल्यांसाठी उघडू नका. तुमच्या हद्दीत आतल्या बाजूला कुणाकुणाची रानं आहेत, ते एकदा नकाशावर बघा आणि त्यांच्यासाठी उघडा. सायकलवाले मागून येतील.